मुरब्याचा होका सप्पोरोत

मित्रांनो, मी एक जुना होका आहे. पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात, पण मुरब्याच्या कोळीवाड्यात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड आहे? पितळेची एक वाटी, वर जाड काच, आत थोडं स्पिरिट आणि त्यात तरंगणारा काटा, एवढाच माझा पसारा. स्वभाव विचाराल तर मी एक नंबरचा अस्वस्थ. मला कुठंही ठेवा, कसंही फिरवा, उत्तर सापडेपर्यंत मी गप्प बसत नाही. काही लोक म्हणतात, हा मेला सारखा हलतो. अहो, हलतो म्हणून तर कामाचा आहे!

मुंबईत गोदीजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साठच्या दशकात मुरब्याच्या दामू तांडेलनं मला आपल्या होडीसाठी विकत घेतलं. त्यानं माझ्यासाठी सागाची छोटी पेटी करून घेतली आणि सुकाणूजवळ बसवली. त्या पेटीच्या आसपास तो लोखंडाची वस्तू फिरकू देत नसे. लोखंड जवळ आलं की माझा काटा त्याच्याकडे ओढला जातो आणि मग मी सांगतो ते उत्तर खोटं असतं. एखाद्या खलाशानं विसरून कोयता पेटीवर ठेवला, की दामूचा आवाज पार किनाऱ्यापर्यंत जायचा. "होका हाय तो! भाजीची पाटी नाय!"

ती माझी उमेदीची वर्षं होती. तारापूरचं वीजकेंद्र उभं राहिलं तेव्हा त्याचे दिवे समुद्रातून लांबवर दिसू लागले. खलाशी म्हणाले, आता होका कशाला हवा? मला फार राग आला. पण धुकं पडलं की दिवे गडप व्हायचे आणि सगळे मुकाट्यानं माझ्या पेटीभोवती जमायचे. दामू काचेवरचं पाणी पुसायचा आणि म्हणायचा, "बोल बाबा, घर कुटं?" मी दाखवत असे.

मग दामूला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. त्याची बायको गोजराबाई मोठ्या धीराची बाई. डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायची, भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करायची. पण नवरा गेला आणि तिच्या मनानं दर्याची धास्ती घेतली. एकुलता एक मुलगा नरहरी तेव्हा मिसरूड फुटलेला, बापाच्या होडीवर जायला नुसता तडफडत होता. गोजराबाईनं काय केलं? होडीच विकून टाकली. नरहरीनं आकाशपाताळ एक केलं, दोन दिवस जेवला नाही. ती बधली नाही. मला मात्र तिनं दिलं नाही. नवऱ्याची आठवण म्हणून तिनं मला देव्हाऱ्यात ठेवलं आणि माझ्या काचेला कुंकू लावलं.

मित्रांनो, देव्हाऱ्यात बसणं हा मान असेल, पण मला विचाराल तर तो तुरुंग होता. रोज फूल, रोज उदबत्ती, आणि कामाच्या नावानं शून्य. माझा काटा तसाच उत्तर धरून बसायचा आणि बघायला कुणी नसायचं. नरहरीचीही तीच गत झाली होती. त्याला घर खायला उठायचं. शेवटी तो एका मोठ्या मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला आणि दूरदेशी निघून गेला. आईनं छोट्या होडीवर जाऊ दिलं नाही, म्हणून पोरगा पार जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला. गोजराबाई कुणाशी हे बोलत नसे. देव्हाऱ्यापुढं बसली की नुसती माझ्याकडे बघत राही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत बोईसरहून एक माणूस सायकल हाणत आला. जहाजाच्या कंपनीचा फोन आला होता. जपानच्या उत्तरेला एका बंदरात माल उतरवताना नरहरीच्या पायावर लोखंडी झाकण पडलं होतं. त्याला सप्पोरो नावाच्या मोठ्या शहरातल्या इस्पितळात ठेवलं होतं आणि कंपनी घरच्या एका माणसाला तिकडे नेणार होती. गोजराबाई भिंतीला टेकून खाली बसली. शेजारची येसूबाई म्हणाली, "गोजरे, तुला मुंबईत कुलाब्याचा बाजार सापडत नाय. तू जपानात कशी जाशील?" गोजराबाई उठली, देव्हाऱ्यातून मला उचललं, पदरानं पुसलं. "हा हाय ना. ह्याला उत्तर कळते. बाकीचं मी बघते."

कंपनीनं धावपळ करून कागदपत्रं केली आणि काही दिवसांत आम्ही विमानात बसलो. प्रवासाचं मी काही सांगत नाही. माझा काटा भोवऱ्यासारखा फिरत होता आणि गोजराबाई डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घेत होती.

सप्पोरोला उतरलो तर सगळीकडे बर्फ! रस्त्यावर बर्फ, छपरांवर बर्फ, झाडांवर बर्फ. गोजराबाईनं तो चिमटीत घेतला आणि हळहळून म्हणाली, "अरे देवा! एवढा बर्फ फुकट पडलाय, आणि आमी सातपाटीला मासळीसाठी बर्फाच्या लाद्यांची वाट बघत बसतो!" आम्हाला घ्यायला कंपनीचा एक माणूस आला होता, अंतोन नावाचा वसईकर. आपली भाषा कानावर पडली तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला. अंतोननं तिला एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी खोली घेऊन दिली. त्या आजीबाईनं हिला कापसाचा जाड कोट आणि रबरी बूट दिले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, आत लोकरीची विजार, वर तो कोट! मुरब्यात कुणी पाहिलं असतं तर पोट धरधरून हसलं असतं.

पहिल्या दिवशी अंतोननं तिला भुयारातल्या गाडीनं इस्पितळात नेलं. तिथं विजेच्या तारांनी माझं डोकं फिरलं. गोजराबाई माझा थयथयाट बघून घाबरली आणि म्हणाली, उद्यापासून मी चालत येणार. मग अंतोननं तिला शहर समजावून सांगितलं.

"मावशी, घाबरू नको. हे शहर तुमच्या लोकांसाठीच बांधलंय म्हण. रस्ते सगळे सरळ, एकमेकांना काटकोनात. मधी एक लांबच लांब बाग. तिच्या वर उत्तर, खाली दक्षिण. आणि हा बारका कालवा, त्याच्या अलीकडं पूर्व, पलीकडं पश्चिम. पत्ता पन तसाच सांगतात, उत्तरेला एवढा, पश्चिमेला तेवढा."

"म्हंजे आख्खं शहर होक्यावर वसवलंय?" गोजराबाईनं विचारलं.

"तसंच समज. तुजी खोली उत्तरेला, कालव्याच्या पूर्वेला. सरळ पश्चिमेला जा, कालवा ओलांड. मग दक्षिणेला वळ, बाग लागेल. बागेतून पश्चिमेला चालत सुट, टोकाला इस्पितळ."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! मला असं शहर जन्मात भेटलं नव्हतं. माझा काटा आणि तिथले रस्ते जवळजवळ एका रेषेत पडत होते. दुकानांवरच्या पाट्या गोजराबाईला वाचता येत नव्हत्या, पण तिला तर मराठी पाट्याही वाचता येत नव्हत्या, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. प्रत्येक नाक्यावर ती कापडी पिशवीतून मला बाहेर काढायची, बघायची आणि चालू पडायची. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं आणि ऐकत होतं. मी खूश होतो.

हळूहळू शहर ओळखीचं झालं. सकाळी सगळे लोक आपापल्या दारातला बर्फ फावड्यानं ओढायचे, त्याचा खरखर आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या खानावळीतून शेवयांच्या गरम रश्श्याचा वास यायचा. कावळे मात्र केवढे, आपल्या कावळ्यांच्या दुप्पट! बागेत लष्कराचे जवान ट्रकांनी बर्फ आणून टाकत होते. तिथं बर्फाच्या मूर्तींची जत्रा भरते म्हणे. गोजराबाईनं खूण म्हणून एक बर्फाचा ढिगारा लक्षात ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याला खांब आले होते, तिसऱ्या दिवशी कळस. ती वैतागली. "हे काय गाव हाय? रोज देऊळ बदलतात!" तेव्हापासून तिनं खुणा सोडल्या आणि फक्त माझ्यावर भरवसा ठेवला.

इस्पितळात मात्र बरं चाललं नव्हतं. नरहरीचा पाय सुजून काळानिळा झाला होता. त्याहून वाईट म्हणजे मायलेकरांचं जमत नव्हतं. ती त्याच्या उशाशी बसून एकच धोशा लावायची, "पाय बरा झाला की घरी बसायचं. बोईसरला कारखान्यात काम बघू. पुन्हा दर्याचं नाव काढायचं नाय." नरहरी भिंतीकडे तोंड करायचा. एकदा तो म्हणाला, "आये, तू बाबाची होडी विकली नसतीस तर मी इतक्या लांब आलोच नसतो." घाव वर्मी बसला होता. किमिको नावाची एक तरुण परिचारिका दोघांकडे बघायची आणि हळूच चहा ठेवून जायची.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी अंतोनला बोलावून सांगितलं आणि अंतोननं यांना. सकाळी ऑपरेशन करायचं. साधलं तर पाय वाचेल. नाही साधलं तर गुडघ्याखालून काढावा लागेल. पण आणखी थांबलं तर जखमेचं विष अंगात चढेल आणि मग जिवाशीच गाठ. एवढा दांडगा गडी, पण नरहरीचा चेहरा उतरला. त्यानं आईचा हात घट्ट धरला. "मला झोपवतील आणि न विचारता पाय कापतील. आये, तू दाराशी असशील तरच मी आत जाणार. तू नसलीस तर मी हालणार नाय."

"मी येते. तुला आत नेतील त्याच्या आधी येते," गोजराबाई म्हणाली.

अंतोनला त्याच रात्री बंदरावर जायचं होतं, जहाज सुटणार होतं. तो गाडी ठरवून देतो म्हणाला. गोजराबाई म्हणाली, नको, माझा होका हाय. निघताना किमिकोनं तिच्या हातात कापडाची एक चपटी पुडी दिली. ती हलवली की आपोआप गरम होते आणि कितीतरी वेळ ऊब देते. थंडीत हात शेकायला तिकडचे लोक ती खिशात बाळगतात.

सकाळी गोजराबाई निघाली तेव्हा बर्फ असा कोसळत होता की समोरचं घर दिसेना. आजीबाई दारात आडवी आली, हातानं नको नको म्हणाली. गोजराबाईनं तिला बाजूला सारलं. रस्त्यावर आल्यावर तिनं मला काढलं, तर माझी काच बर्फासारखी गार लागली. तिला माझी कीव आली. "बाबा रे, तुला हीव भरलं काय? आज तू गोठलास तर माझं कसं होईल?" असं म्हणून तिनं ती गरम पुडी स्वतःच्या हातात न धरता माझ्याशेजारी पिशवीत ठेवली, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी.

मित्रांनो, माझ्या पोटातलं स्पिरिट सहजासहजी गोठत नाही. पण हे तिला कोण सांगणार? आणि त्या पुडीत काय भरलं होतं ठाऊक आहे? लोखंडाचा कीस! ती अंगाला लागताच मला कळलं. माझा काटा सर्रकन पुडीकडे वळला आणि तिथंच अडकला. मी जीव तोडून ओढ काढली, पण काही उपयोग झाला नाही.

नाक्यावर तिनं पिशवी उघडून पाहिलं. ती वळली की पुडी वळायची आणि पुडीबरोबर मीही. ती उजवीकडे वळली, तरी उत्तर डाव्या हाताला. मागे फिरली, तरी उत्तर डाव्या हाताला! भर रस्त्यात ती बाई स्वतःभोवती गरगर फिरली. मग चिडली. "मेल्या, आजच तुला थेर सुचले? माझं पोर तिकडं आडवं पडलंय!" शिव्या दिल्या आणि लगेच तिला वाईट वाटलं. तिला वाटलं, थंडीनं याचा जीव चाललाय. तिनं पुडीला आणि मला, दोघांना एकत्र पदरात बांधून छातीशी धरलं आणि अंदाजानं चालू लागली.

अंदाज चुकला. कालवा ओलांडण्याआधीच ती दक्षिणेला वळली. बाग तर कालव्याच्या पलीकडे सुरू होते, त्यामुळे कितीही चाललं तरी बाग येईना. जवान नाहीत, बर्फाची देवळं नाहीत, नुसत्या अनोळखी भिंती. ती येणाऱ्याजाणाऱ्याला धरून "इस्पितळ, इस्पितळ" म्हणत होती. लोक थांबायचे, वाकून काहीतरी बोलायचे, पण कुणाचं कुणाला कळत नव्हतं. तिची बोटं बधिर झाली होती. डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडत होतं. मी तिच्या छातीशी होतो, तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते, आणि मी तिला खोटं उत्तर दाखवत होतो. चूक माझी नव्हती हो, पण लाज मलाच वाटत होती. आयुष्यात मी इतका कधी तळमळलो नाही.

तेवढ्यात तिला वास आला. सुक्या मासळीचा वास! कोळणीचं नाक ते, बर्फात काय आणि उन्हात काय, कसं चुकेल? वासामागोमाग ती एका मासळीबाजारात शिरली. दोऱ्यांवर चपटी माकुळं सुकत होती, लाल मांसाचे मोठे मासे टांगले होते, फळ्यांवर जिवंत खेकडे पाय हलवत होते. डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी मासेवाली गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. गोजराबाईनं तिला पाहिलं आणि तिचा बांध फुटला. ती तिच्यासमोर बसून हमसून हमसून रडली. "माझ्या पोराकडं जायचंय गं बाय! पोर वाट बघते!"

म्हातारीला शब्द कळले नसतील. पण तिनं गिऱ्हाईक सोडलं, हिला हाताला धरून खोक्यावर बसवलं आणि हिची निळी पडलेली बोटं पाहिली. गोजराबाईनं पदर सोडून मला दाखवलं. म्हातारीनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं पुडी उचलली, खडखड हलवली आणि गोजराबाईच्या दोन्ही तळहातांत दाबून वरून मुठी मिटवल्या. हात शेक, असंच म्हणाली असणार. मी लाकडी फळीवर एकटा राहिलो.

आणि मी सुटलो! माझा काटा गर्रकन फिरला, थोडा डुलला आणि उत्तरेला जाऊन थांबला.

गोजराबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं पुडी माझ्याजवळ आणली, मी ढळलो. लांब नेली, मी परत आलो. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. किनाऱ्यावर दामू खलाशांवर कशावरून ओरडायचा, ते तिनं हजारदा ऐकलं होतं. "लोखंड!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "एवढ्याशा पुडीत लोखंड! आणि मीच ते ह्याच्या उशाला ठेवलं. ऊब द्यायला गेले आणि ह्याची दिशाच घालवली." तेव्हा तिच्या मनात एकटा मीच होतो असं मला वाटत नाही. नरहरीही असणार.

मग ती ताडकन उठली. म्हातारीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, पुडी मुठीत धरली, मला दुसऱ्या हातात घेतलं आणि निघाली. पश्चिमेला कालवा ओलांडून उत्तरेला बाग, बागेतून पश्चिमेला टोक. माझं ऐकत ती अक्षरशः धावली. जवान फावडी थांबवून बघत राहिले.

इस्पितळात नरहरीची चाकांची खाट शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी उभी होती. त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी पकडली होती आणि सोडत नव्हता. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. किमिको त्याची समजूत घालून थकली होती. ताप चढत होता.

"आये, कवा येणार होतीस?" तो लहान मुलासारखा ओरडला.

गोजराबाईला धाप लागली होती. अंगावरचा बर्फ विरघळून फरशीवर पाणी साचलं होतं. "चुकले रे," ती म्हणाली. "आज रस्ता चुकले, आणि त्याच्या आधी लय वर्षं चुकत होते. नऱ्या, ऐक. पाय राहू दे नायतर जाऊ दे, तू जगून ये. मग तुला दर्यावर जायचं तर दर्यावर जा. मी अडवणार नाय. होडी घे, बाबाचा होका घे. मी किनाऱ्यावर उभी राहीन, पन अडवणार नाय."

नरहरीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं हे मनापासून म्हटलंय का, ते तो बघत होता. मग त्यानं चौकट सोडली.

दुपारपर्यंत ती बाकावर बसून होती, मला मांडीवर घेऊन. डॉक्टर बाहेर आले, किमिकोनं हातानं खूण करून समजावलं. दोन बोटं गेली होती. पाय राहिला होता. गोजराबाईनं किमिकोला मिठी मारली आणि पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

आता नरहरी थोडा लंगडतो. चुलतभावाबरोबर त्यानं मुरब्यात भागीत होडी घेतली आणि मी सुकाणूजवळ नव्या पेटीत बसलो. होडी पहिल्यांदा पाण्यात गेली त्या दिवशी गोजराबाई किनाऱ्यावर उभी होती. एकदा होडी अडवायला तिचा हात दोरखंडाकडे गेलासुद्धा. मग तिनं स्वतःच दोर सोडला आणि होडीला पाठीमागून जोर लावला. काय वाटलं असेल हो त्या माऊलीला!

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण जपण्याआधी जरा विचारा, यांना काय मानवतं आणि काय बाधतं? देव्हाऱ्यात बसवून आमचं भलं होत नाही, आम्हाला कामाला लावा. आणि तुमच्या घरातलं कुणी लांब जायला अस्वस्थ झालं असेल, तर त्याच्यावरही माया करा, भरपूर करा. मात्र त्याचा काटा तुमच्याकडे ओढून धरू नका. त्यालाही घर कुठं आहे ते ठाऊक असतं.